भुजंगने हात वर घेतला नाही

उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिला चढ संपला की उजव्या हाताला एक लहान गाव लागते. त्या गावात भुजंग दगडोबा हा मनुष्य राहतो. त्याची जमीन थोडी आहे, परंतु ती काळी आहे आणि स्वतःची आहे. असे असूनही त्याने आयुष्याचा मोठा भाग त्या जमिनीवर घालवला नाही. तो बोअरच्या गाडीवर चालक होता. ज्या गावाला पाणी नाही त्या गावाने त्याला बोलवावे आणि पाणी लागले की त्याने तेथून निघून जावे, असा त्याचा जन्म चालला होता. कधी कर्नाटकात, कधी तेलंगणात, तर कधी पार राजस्थानात.

कॉम्प्रेसरच्या आवाजाने त्याचा डावा कान मंद झाला. कान मंद झाला तसा तळहात तीक्ष्ण झाला. जमिनीच्या पोटात रॉड अडू लागला की इतरांना आवाजावरून कळण्याच्या आधी भुजंगच्या उजव्या तळहाताला ते कळत असे. कळताच तो हात दांडा वर ओढी, रॉड किंचित उचलला जाई, तो जागेवरच गरगर फिरे, हवेच्या जोराने चुरा बाहेर उडे आणि भोक मोकळे होई. मग रॉड पुन्हा खाली. बोअरच्या कामात हेच शहाणपण आहे. असे न करणाऱ्याचा रॉड जमिनीतच राहतो. भुजंगचा रॉड कधी जमिनीत राहिला नाही, ही गोष्ट गाडीवाले अजूनही सांगतात.

परंतु घरी जे राहून गेले ते पुष्कळ होते. मुलगी पुनम हिच्या बारशाला तो गुलबर्ग्याच्या पलीकडे होता. तिच्या लग्नात तो हळद लागल्यानंतर पोहोचला आणि पाहुण्यांनी त्याला वाढपी समजून पाणी मागितले. त्याची पत्नी साखराबाई हिने घर, शेत आणि म्हैस एकटीने सांभाळली. एकदा तो दोन दिवसांसाठी घरी आला असता ती त्याला म्हणाली,

"तुमचं तोंड मला फोटोत बिगी वळखू येतंय. समोर आल्यावर जरा टाइम लागतोय."

त्यावर भुजंग हसला, परंतु ते वाक्य त्याच्या मनातून गेले नाही. म्हणून उदगीरच्या अमृतरावअप्पांनी यंत्र चालवण्यासाठी माणूस पाहिजे असे सांगितले, तेव्हा त्याने बोअरची गाडी सोडली. सकाळी जायचे आणि संध्याकाळी घरी यायचे, असे काम त्याला प्रथमच मिळाले होते.

अमृतरावअप्पांचे घराणे लोखंडाच्या व्यापारातले. त्यांच्या कारखान्यात पूर्वी पत्र्याचे शेड, फाटके आणि पाण्याच्या टाक्या तयार होत. आता तेथे आट्याचे खांब तयार होऊ लागले होते. आट्याचा खांब म्हणजे लोखंडी नळी. तिच्या खालच्या टोकाजवळ जाड पत्र्याचा एक वेढा जोडलेला असतो, स्क्रूला आटे असतात तसा. हा खांब ठोकायचा नसतो, जमिनीत पिळून घालायचा असतो. वेढा मातीखाली रुतून बसला म्हणजे वरची सगळी माती त्याला दाबून धरते आणि खांब उपटत नाही. परदेशात समुद्रात वाऱ्यावर वीज तयार करणारे प्रचंड पंखे उभे आहेत आणि आपल्याकडेही त्याची तयारी चालू आहे. त्या पंख्यांना समुद्राच्या तळाशी धरून ठेवण्यासाठी असे खांब वापरावेत, असा एका कंपनीचा विचार होता. ठोकण्याच्या आवाजाने समुद्रातील जिवांना त्रास होतो; पिळून घातलेला खांब मुकाट्याने आत जातो. भुजंगला ही मुकाट्याने जाण्याची गोष्ट फार आवडली.

साखराबाईला मात्र त्यात काही तरी खोट वाटली.

"समुद्रातला खांब उदगीरात कामून करायलेत? हितं तर प्यायला पानी न्हाई."

"चिखल हाय की," भुजंग म्हणाला. "समुद्राखाली बी असाच चिकट चिखल असतोय म्हनं. तळ्याच्या काठाला लावून बघायचं, टिकला तर मंग समुद्रात."

कंपनीने खांबांची परीक्षा घेण्यासाठी अक्षरा नावाची अभियंता मुलगी पाठवली होती. ती नांदेडची. वयाने पुनमएवढीच असल्यामुळे ती भुजंगला मामा म्हणत असे आणि तो तिला ताई म्हणत असे. तिने त्याला खांब फिरवण्याची मोटर जोडलेल्या पोकलेनच्या बैठकीवर बसवून दोन दांडे समजावून दिले. एका दांड्याने खांब फिरतो. दुसऱ्या दांड्याने तो खाली दाबला जातो किंवा वर ओढला जातो. समोर एक काटा असतो, तो खांबाला किती जोर लागतो आहे ते दाखवतो.

"मामा, एकच लक्षात ठेवा. खांब एक फेरा फिरला की एका आट्याएवढा खाली गेलाच पाहिजे. फिरला आणि खाली गेला नाही, तर काम बिघडलं."

"समजलं," भुजंग म्हणाला. त्याला ते खरोखरच समजले होते.

पहिला खांब तळ्याच्या काठावरील ओल्या मातीत सुरेख उतरला. अर्ध्यावर गेल्यावर मात्र खाली कोठे तरी कडक थर लागला. यंत्र कण्हले. भुजंगच्या तळहाताला ते नेहमीप्रमाणे आधी कळले, आणि त्याने काही ठरवण्याच्या आत त्याच्या हाताने दांडा वर ओढला. खांब किंचित उचलला गेला, जागेवर गरगर फिरला आणि मोकळा झाला. मग तो खाली सहज गेला. भुजंग समाधानाने खाली उतरला आणि कपाळ दस्तीने पुसत म्हणाला,

"अडला होता. मोकळा केला."

अक्षरा त्या वेळी काठावर मोजमाप करत होती. तिचा चेहरा उतरला.

माती शांत व्हायला काही दिवस दिल्यावर खांबाला साखळी लावून जॅकने वर ओढण्यात आले. जो खांब हलायलाही नको होता, तो शेतातला मुळा यावा तसा वर आला. अक्षराने वेढ्यावर अडकलेली माती हातात घेतली. ती घट्ट ढेकळासारखी नव्हती. पिठल्यासारखी ओघळत होती.

"बोअरमध्ये तुम्हाला भोक पाहिजे असतं, मामा," ती म्हणाली. "इथं भोकच नको आहे. माती जशी आहे तशी राहिली, तरच ती खांबाला धरते. जागेवर फिरवलं की तिची लापशी होते. लापशी कशाला धरणार?"

भुजंगने ती माती आपल्याही हातात घेतली आणि बराच वेळ बोटांनी चोळून पाहिली. अमृतरावअप्पा मागे उभे होते. ते वाईट मनुष्य नव्हते, परंतु त्यांचे पुष्कळ लोखंड या कामात अडकले होते.

"भुजंगा, बोअरचं येगळं, हे येगळं," ते म्हणाले. "कंपनीचे सायब अमावस्या झाल्यावर येनार हायत. त्यांच्यासमोर असं झालं तर पुन्हा ते उदगीरचं नाव घेनार न्हाईत. मी हैदराबादहून चालवनारा बोलवतो. तू खाली राहून साखळ्या बांध."

"अप्पा, त्यो मानूस आला की बसवा," भुजंग शांतपणे म्हणाला. "पर त्याच्या आधी मला एक डाव द्या."

अमृतरावअप्पांनी अक्षराकडे पाहिले. ती म्हणाली, "मोजमाप मी उभी राहून बघते. एक खांब मामांना घालू द्या. नाही जमलं तर हैदराबाद." अप्पांनी नाइलाजाने मान डोलावली.

साखळ्या बांधणाऱ्याचे काम थोड्याच दिवसांचे होते, हे भुजंगला माहीत होते. ते संपले की पुन्हा बोअरची गाडी. संध्याकाळी तो अक्षराजवळ गेला आणि त्याने कारखान्यातील नमुन्याचा हातभर लांबीचा लहान खांब एक दिवसासाठी मागितला.

"कशाला मामा?"

"हाताला शिकवायचंय."

"हाताला?"

"डोस्क्याला कळलंय, ताई. हात ऐकंना."

ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मनुष्याचे चुकले की तो बहुधा यंत्राला, मातीला किंवा दुसऱ्या मनुष्याला बोल लावतो. भुजंगने स्वतःच्या हाताला वेगळे उभे केले आणि त्याची शिकवणी घेण्याचे ठरवले. ज्या हाताने त्याला आयुष्यभर मान मिळवून दिला होता, त्याच हाताला आता नवशिका म्हणवून घ्यायचे होते. हे सोपे नाही.

दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या होती. त्या दिवशी उदगीर भागात बाजार ओस पडतो आणि सर्व लोक शेतात जेवतात. भुजंगने अक्षराला आग्रहाने बोलावले होते. ज्वारी उभी होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. कडब्याची खोप रचून तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते. साखराबाईने ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील आणि शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. भुजंगने टोपलीतून लहान खांब बाहेर काढला, तेव्हा तिने हात आडवा केला.

"आज काळ्या आईचं पूजन हाय. आज तिच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई. आमच्या घरात कुदळ बी उचलत न्हाईत."

भुजंगने वाद घातला नाही. त्याने खांब खोपीला टेकवून ठेवला आणि पंगतीला बसला. अक्षराने दुसऱ्यांदा भज्जी मागून घेतली, तेव्हा साखराबाईचा राग थोडा निवळला. एवढ्यात बांधावर बांधलेल्या म्हशीने मान झटकली, लाकडी खुंटा उपटला आणि दाव्यासकट ती हरभऱ्यात शिरली. साखराबाई ताट ठेवून धावली. म्हशीला ओढत परत आणताना ती भुजंगला म्हणाली,

"बघत काय बसलाव? ते तुमचं लोखंड लावा की."

"आज न्हाई म्हनलीस की."

"पांडव जेवलेत. आता ते काय बघत न्हाईत. लावा."

अक्षरा हसू दाबत आंबील पिऊ लागली. भुजंगने खांबाच्या वरच्या कडीत पहार घातली आणि तो पिळू लागला. वरची माती मऊ होती. खाली ओलसर, चिकट थर लागताच पहार जड झाली. आणि काय आश्चर्य, तेथे दांडा नव्हता, यंत्र नव्हते, तरी भुजंगच्या हातांनी पहार वर उचलली आणि खांब जागेवर दोनतीनदा गरगर फिरवला. मग तो खाली गेला. त्याला दावे बांधले. म्हशीने एकदा ओढ दिली, खांब वर आला आणि ती पुन्हा हरभऱ्याकडे निघाली.

"हे समुद्रात टिकनार हाय व्हय?" साखराबाईने विचारले. "म्हशीला टिकंना."

"मामी, त्यांना आताच काही बोलू नका," अक्षरा म्हणाली. "मामा, त्या भोकात नको. तिथली माती मेली. बाजूला नवी जागा घ्या."

भुजंगने नवी जागा घेतली. परंतु या वेळी त्याने साखराबाईला बोलावले आणि पहारीचे दुसरे टोक तिच्या हातात दिले. जात्याच्या दोन बाजूंना दोघे बसावेत तसे ते समोरासमोर बसले. खांब फिरू लागला. कडक थर आला. साखराबाईच्या हाताखालचे टोक अचानक हलके झाले.

"उचलताव कामून?"

"मी कुठं उचललं?"

"मंग मी उचललं काय? दाबा की."

भुजंग थबकला. आपला हात वर जातो ते त्याला स्वतःला कळत नव्हते. तिला मात्र टोकाच्या वजनावरून कळत होते. पुन्हा एकदा तसेच झाले आणि तिने पुन्हा तसेच सुनावले. त्यानंतर त्याचे त्यालाच कळू लागले. तळहाताला अडल्याची खूण मिळाली की हात वर जाण्याच्या आधी एक अगदी लहानसा क्षण असतो. तेवढ्या क्षणात त्याने वर न जाता खाली भार द्यायचा, एवढेच शिकायचे होते. खांब हळूहळू, मातीच्या मर्जीने, आपल्या आट्यानुसार खाली गेला. म्हशीने ओढ दिली. दुसऱ्यांदा ओढ दिली. मग ती खाली बसली आणि रवंथ करू लागली.

अक्षरा गेल्यानंतरही भुजंगने काम थांबवले नाही. दिवस मावळेपर्यंत तो खांब काढत होता आणि नव्या नव्या जागी घालत होता. बांधाच्या कडेने जमीन अशी दिसू लागली की जणू मोठ्या घुशींनी पोखरली आहे. साखराबाईने पुढच्या वर्षी वेळा अमावस्येला कोणालाही बोलवायचे नाही असे जाहीर केले, परंतु पहारीचे टोक तिने सोडले नाही.

कंपनीचे साहेब आले त्या दिवशी तळ्याच्या काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. अमृतरावअप्पा धुतलेले धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून उभे होते. खांबावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली होती. त्या रेघेपर्यंत खांब जमिनीत जायला हवा होता. हाच भुजंगला मिळालेला एक डाव होता. भुजंग बैठकीवर चढला. त्याने मनात कोणाचे नाव घेतले ते त्याने कोणाला सांगितले नाही.

खांब फिरू लागला. एक फेरा, एक आटा. अक्षरा जवळ उभी राहून पट्टीवर पाहत होती आणि मान हलवत होती. मग तो कडक थर आला. यंत्र कण्हले, काटा वर सरकला. भुजंगच्या उजव्या तळहाताला ओळखीची खूण मिळाली. हात वर गेला नाही. त्याने दांडा खाली दाबला. खांब आणखी थोडा उतरला आणि मग दाबूनही उतरेना. उलट पोकलेनच्याच चाकांच्या पट्ट्यांची पुढची टोके चिखलातून उचलली जाऊ लागली. पांढरी रेघ अजून वीतभर वर होती.

भुजंगने दोन्ही दांडे सोडले आणि यंत्र थांबवले.

"काय झालं रे?" अमृतरावअप्पा पुढे आले.

"फिरतोय, पर खाली जाईना अप्पा. फिरवला तर नासंल."

अमृतरावअप्पांनी खुर्च्यांकडे पाहिले आणि आवाज लहान केला. "वीतभर तर राहिलाय. घाल की आता. रेघ टेकली म्हंजे झालं."

"रेघ टेकंल, अप्पा. खांब टिकायचा न्हाई उद्या."

"सायब घड्याळ बघायलेत, भुजंगा."

"बघू द्या. वाटलं तर मला उतरवा. पर आता ह्याला जागेवर फिरवनार न्हाई."

असे बोलून त्याने हात मांडीवर ठेवले. ज्या बैठकीसाठी त्याने एवढा खटाटोप केला होता, ती त्याच क्षणी जाण्याची भीती होती आणि त्याला ते पूर्ण ठाऊक होते. तरी त्याने हात उचलले नाहीत. साहेबांपैकी एक जण उठून जवळ आला. त्याने अक्षराला इंग्रजीत काही विचारले. अक्षराने काटा पाहिला, पोकलेनचे उचललेले पट्टे पाहिले, वहीत थोडा हिशेब केला आणि मग ती भुजंगकडे वळली.

"मामा, बरोबर थांबलात. खाली दाबायला यंत्राचं वजनच कमी पडतंय. वजन वाढवलं तर आटा धरेल. अप्पा, कारखान्यातल्या जाड प्लेटा आणायला टेम्पो पाठवता का?"

अमृतरावअप्पांनी टेम्पो पाठवला. प्लेटा येईपर्यंत बराच वेळ गेला. साहेबांनी चहा घेतला. भुजंगने घेतला नाही. तो बैठकीवरच बसून राहिला. प्लेटा आल्यावर त्या पोकलेनच्या पुढच्या भागावर साखळदंडांनी आवळून बांधल्या. अक्षराने हात वर केला. भुजंगने दाबले, फिरवले. या वेळी पट्टे जमिनीवरच राहिले. खांबाने एक फेरा घेतला आणि एक आटा खाली गेला. पुन्हा एक. पांढरी रेघ चिखलाला टेकली आणि त्याने यंत्र बंद केले.

नियमाप्रमाणे माती शांत होण्यासाठी मध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागले. त्या दिवसांत भुजंगने खाली उभे राहून साखळ्या बांधण्याचे काम केले. हैदराबादचा चालक फोनवर येतो म्हणाला होता, परंतु अमृतरावअप्पांनी त्याला अजून तारीख दिली नव्हती.

ओढण्याच्या दिवशी साखळी ताणली गेली. जॅकवरचा काटा पहिल्या खांबाच्या आकड्याच्या पुढे गेला. मग पुष्कळ पुढे गेला. खांबाच्या डोक्याला लावलेली मोजपट्टी जेमतेम केसभर हलली. अक्षराने आणखी जोर द्यायला सांगितले. जॅकखालचे लाकडी ओंडके करकरले, साखळीवरचा वाळलेला चिखल पोपड्यांनी उडाला, परंतु खांब उठला नाही. कंपनीला जेवढा पाहिजे होता तेवढा आकडा आला आणि त्यापुढेही तो थोडा गेला. अक्षराने हात आडवा करून थांबवले.

अमृतरावअप्पा खांबाजवळ गेले आणि त्यांनी त्यावर तळवा ठेवला. मग त्यांनी खिशातून फोन काढला, हैदराबादला लावला आणि एवढेच म्हणाले, "नको, आमचा मानूस हाय."

त्या दिवशी आणखी खांब घालायचे होते. भुजंग बैठकीवर चढला. संध्याकाळी उन्हे उतरताना तो गावी पोहोचला, तेव्हा साखराबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"टिकला का?" तिने मागे न पाहता विचारले.

"टिकला."

"मंग आता समुद्रावर जानार म्हना."

"खांब जातेत. बसवायला तिकडं दुसरी मानसं हायती, मोठ्या जहाजावरची. आपलं काम हितं, तळ्यावर. एकेक खांब तपासून पाठवायचा."

साखराबाईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवले आणि ती उलटली.

"म्हंजे उद्या?"

"उद्या सकाळी जायचं. सांजच्याला यायचं."

"परवा?"

"परवा बी."

तिने परातीत आणखी एका भाकरीचे पीठ घेतले.